वयाला शोभेल असे

प्रवासाला निघालेल्या बाईचे सामान पुरुषाच्या सामानाहून नेहमीच मोठे असते, अशी एक जुनी थट्टा आहे. ही थट्टा करणाऱ्याने ते सामान स्वतः कधी बांधलेले नसते. बांधले असते, तर त्या बोचक्यात बाईचे असे फारच थोडे असते हे त्याच्या ध्यानी आले असते. लाडवांचा डबा, सुंठीची पूड, धाकट्याचे लोकरी कानटोपडे, नवऱ्याचे धोतर आणि उपरणे, तीर्थाचे पाणी आणण्यासाठी झाकणाचा गडू, ज्याच्या घरी उतरायचे त्याच्या मुलांसाठी खाऊ, आणि या सर्वांच्या तळाशी किंवा फटीफटींत बसतील अशी दोन लुगडी. एक नेसायचे आणि एक वाळत घालायचे. तिसरे घेतलेच तर 'कुठे कुणाकडे जायची वेळ आली तर' म्हणून. स्वतःच्या प्रवासाच्या कपड्यांचा विचार ती सर्वांत शेवटी करी, आणि तोही बोचक्याची गाठ मारण्याच्या आधी जेवढा वेळ उरे तेवढ्यातच.

असे असूनही, बाईने प्रवासात काय नेसावे हा प्रश्न लहान नाही. एखाद्या समाजाने आपल्या स्त्रियांना कुठवर जाऊ दिले, कोणत्या वयात जाऊ दिले आणि कुणाच्या सोबतीने, याची नोंद त्यांच्या वस्त्रांत आपसूक झालेली असते. तरुणीच्या वस्त्रांविषयी सर्वांनाच बोलायचे असते. प्रौढ आणि वृद्ध बाईच्या वस्त्रांविषयी मात्र चार शब्दांत निकाल लावला जातो : वयाला शोभेल असे नेसावे. काय शोभते आणि ते कुणी ठरवायचे, हा प्रश्न त्या चार शब्दांत कुठेच नसतो.

नऊवारी लुगडे हे मुळात चालणाऱ्या बाईचे वस्त्र आहे. नऊ वार म्हणजे सुमारे सव्वाआठ मीटर लांबीचे, सुईदोरा न लागलेले हे कापड दोन पायांमधून मागे नेऊन कासोटा घातला की दोन्ही पाय मोकळे होतात. चिखलातून भातलावणी करता येते, विहिरीच्या पायऱ्या उतरता येतात, घाट चढता येतो, घोड्यावर मांड ठोकता येते. त्याला परकर लागत नाही, नाडी लागत नाही, पिन लागत नाही. खिसा नसला तरी कनवटी आहे. तिथे खोचलेले नाणे दिवसभर चालूनही पडत नाही. पुढच्या निऱ्या वर उचलून खोचल्या की ओचा होतो. त्यात शेंगा मावतात, फुले मावतात, देवळातला प्रसाद मावतो. पदर डोक्यावरून घेतला की ऊन अडते, खांद्यावरून गुंडाळला की गारवा अडतो, जमिनीवर पसरला की तान्हे मूल निजते. आज प्रवासी कपडे विकणारी दुकाने 'एकाच कपड्याचे अनेक उपयोग' म्हणून ज्याची जाहिरात करतात, ते सारे या एका कापडात शतकानुशतके होते. त्याला प्रवासाचे वस्त्र असे वेगळे नाव देण्याची गरज कुणाला वाटली नव्हती, इतकेच.

याची खरी पारख आषाढात होते. आळंदीहून पंढरपूरपर्यंतची सुमारे अडीचशे किलोमीटरची वाट पायी तुडवणाऱ्या वारकरी बायांमध्ये साठी ओलांडलेल्या पुष्कळ असतात. डोक्यावर तुळशीवृंदावन किंवा पितळी हंडा, पायांत झिजलेल्या वहाणा किंवा तेही नाही, आणि अंगावर सुती नऊवारी. पावसाची सर आली की लुगडे भिजते आणि पुढच्या गावाच्या वाऱ्यावर चालता चालता वाळते. मुक्कामी नदीवर स्नान झाले की ओले सोडीत आणि कोरडे गुंडाळीत वस्त्र बदलण्याची जी कला या बायांच्या हातांत असते, तिला भिंत लागत नाही की आडोसा. एवढ्या गर्दीत, उघड्या वाळवंटात, लाज राखून आणि कुणाचीही मदत न मागता ती बाई दोन मिनिटांत कोरडी होते.

कोकणच्या बोटींवरही हेच लुगडे चालत असे. मुंबईहून रत्नागिरी, मालवण, वेंगुर्ले, पणजी या मार्गाने जाणाऱ्या आगबोटी बऱ्याच बंदरांत धक्क्याला लागत नसत. खोल पाण्यात उभ्या राहत, आणि उतारूंना पडावातून त्यांच्यापाशी न्यावे लागे. लाटेवर पडाव वर आला की नेमक्या त्या क्षणी बोटीच्या शिडीवर पाय टाकायचा; चुकला तर खाली समुद्र. अशा वेळी गोल नेसलेल्या साडीच्या निऱ्या पायांत घोटाळतात. कासोटा घातलेली आजीबाई मात्र, एका हातात नातवाचा हात आणि दुसऱ्या हातात गाठोडे धरून, शिडी चढून जाई. डेकवर सतरंजी पसरली, बोट लागू नये म्हणून आवळकाठी तोंडात टाकली, की पदर तोंडावरून ओढून ती निजे. श्रीमंतांच्या सागरी सफरींची चित्रे मासिकांत छापून येत होती त्याच काळात, त्यांहून कितीतरी अधिक बायका या किनाऱ्यावर अशी सफर दरवर्षी करीत होत्या. त्यांचे चित्र कुणी काढले नाही.

परंतु या मोकळ्या वस्त्राची दुसरी बाजू काशीच्या घाटावर दिसे. जुन्या काळी घरंदाज स्त्रीला दूरच्या प्रवासाची मुभा मिळे ती बहुधा उतारवयात, आणि तीही तीर्थयात्रेच्या नावाने. मुले मार्गी लागली, सुना आल्या, मग काशीयात्रा. दशाश्वमेध घाटावर भारताच्या सर्व प्रांतांतील प्रौढा एकाच गंगेत उतरत, आणि कोण कुठली हे बोलण्याआधी नेसण्यावरून कळे. कासोट्याची मराठी बाई. तमिळ मुलखातली, नऊवारीच परंतु निराळ्या रीतीने नेसलेल्या मडिसारातली, आणि त्यातही पदर उजव्या खांद्यावर की डाव्या यावरून अय्यर की अय्यंगार ते सांगणारी. पदर पाठीवरून पुढे आणून छातीवर पसरणारी गुजराती. पांढऱ्या थानातली बंगाली विधवा. साडी नेसण्याच्या शंभराहून अधिक पद्धती या देशात आहेत असे अभ्यासक नोंदवतात. त्यांतल्या कित्येक एकमेकींना प्रथम दिसल्या असतील त्या अशा घाटांवरच.

आणि त्याच घाटावर अलवणातली मराठी बाई असे. केशवपन केलेली, तांबूस रंगाचे ते एकच एक लुगडे डोक्यावरून गच्च ओढलेली. काठ नाही, नक्षी नाही, चोळी नाही. तिच्या प्रवासाला कुणाची हरकत नव्हती, कारण तिच्याकडे कुणी बघू नये अशी व्यवस्था वस्त्रानेच केलेली होती. जुन्या महाराष्ट्रातील सर्वांत अधिक प्रवास केलेल्या स्त्रियांमध्ये या बायकांची गणना करावी लागेल. त्यांना रस्ते मोकळे होते आणि रंग बंद होते. 'वयाला शोभेल असे' या शब्दांच्या मागे जी सावली आहे ती इथून आलेली आहे. पुढे अलवण गेले, केशवपन गेले; पण पन्नाशीनंतर फिका रंग, बारीक काठ, अंगभर पदर, हा संकेत सधवांच्याही कपाटांत मुकाट्याने राहिला.

आज अवघ्या भारतात साडी नेसण्याची जी रीत सर्वमान्य मानली जाते, तिचा जन्म प्रवासाच्या अडचणीतून झाला, हे सहसा आठवले जात नाही. सत्येंद्रनाथ टागोर हे इंडियन सिव्हिल सर्व्हिसमध्ये प्रवेश मिळवणारे पहिले भारतीय. त्यांची नेमणूक मुंबई इलाख्यात झाली आणि १८६४ मध्ये त्यांची पत्नी ज्ञानदानंदिनी देवी कलकत्त्याहून मुंबईस आली. बंगालमधील घरंदाज स्त्रिया तेव्हा घरात एकवस्त्र नेसत. त्या वेषात उंबऱ्याबाहेर पडणे शक्यच नव्हते. तिच्यासाठी एका फ्रेंच दुकानातून पौर्वात्य धाटणीचा पोशाख शिवून घेण्यात आला, पण तो वावरण्याच्या दृष्टीने अडचणीचाच ठरला. मुंबईत तिने पारशी स्त्रियांची नेसण्याची रीत पाहिली. तीत फेरफार करून, खाली परकर, वर अंगाबरोबरचे पोलके आणि उजवा हात मोकळा राहील असा डाव्या खांद्यावर पदर, अशी रचना तिने स्वीकारली. माहेरच्या प्रांतात ती परतली तेव्हा ही रीतही सोबत गेली आणि ब्राह्मसमाजी घरांतून पसरत गेली. घराबाहेर काय नेसून जायचे या एका बाईच्या पेचातून निम्म्या देशाचा पोशाख घडला.

त्यानंतर एकोणीस वर्षांनी, एप्रिल १८८३ मध्ये, आनंदीबाई जोशी कलकत्त्याहून अमेरिकेस जाण्यासाठी बोटीवर चढली. हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन, असे तिने निघण्यापूर्वी श्रीरामपूरच्या जाहीर सभेत सांगितले होते. हे वचन पाळायचे तर वेषही पाळायला हवा. पण अमेरिकेतील थंडीत नऊवारीने उघड्या राहणाऱ्या पोटऱ्या हा व्यवहारातला प्रश्न होता, आणि तिथल्या लोकांच्या दृष्टीने लाजेचाही. तिने गुजराती पद्धतीने साडी नेसण्याचा मार्ग काढला. धर्म बुडाला नाही आणि पायही झाकले गेले. १८८५ मधील एका छायाचित्रात पेनसिल्व्हेनियाच्या स्त्रियांच्या वैद्यक महाविद्यालयातील तीन विद्यार्थिनी, जपानची केई ओकामी, सिरियाची सबात इस्लामबुली आणि आनंदीबाई, आपापल्या देशाच्या पेहरावात बसलेल्या दिसतात. परक्या मुलखात स्वतःचे वस्त्र ही बाईची ओळखपत्रिका कशी होते, हे त्या चित्राइतके स्पष्ट क्वचितच दिसेल. पुढे १९५३ मध्ये, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, विजयालक्ष्मी पंडित संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेच्या अध्यक्षा झाल्या त्याही साडीतच. प्रौढ भारतीय स्त्रीच्या रुबाबाचे एक चित्र तेव्हापासून जगाच्या डोळ्यांसमोर राहिले.

महाराष्ट्रात मात्र हा बदल वादाशिवाय झाला नाही. 'सकच्छ की विकच्छ' या विषयावर घराघरांत खल झाला. पाचवारी किंवा सहावारी गोल पातळ नेसणे हे प्रथम शिकलेल्या मुलींचे लक्षण मानले गेले, मग शहराचे, आणि शेवटी नऊवारी हेच म्हातारीचे लक्षण ठरले. या सौद्यात काय हातचे गेले याचा हिशेब कुणी मांडला नाही. लांबी तीन वारांनी कमी झाली, खर्च वाचला, धुणे हलके झाले. पण मोकळे पाय गेले. परकराची नाडी कमरेला आवळू लागली. कनवटी गेली आणि हातात पर्स आली, म्हणजे एक हात कायमचा अडकला. रेल्वेच्या वरच्या बर्थवर चढताना, एस.टी.च्या उंच पायरीवर पाय टाकताना, पुढे विमानतळाच्या सरकत्या जिन्यावर, गोल साडीतल्या बाईला निऱ्या एका हाताने उचलून धराव्या लागल्या. जी बाई कासोटा घालून पडावातून बोटीवर चढत होती, तिचीच नात आता सरकत्या जिन्याला भिऊ लागली.

मधल्या काळात प्रवासी बाईच्या मदतीला आला तो कारखान्यातला धागा. नायलॉनचे आणि टेरिलीनचे पातळ आले, मागाहून सुरतेच्या छापील कृत्रिम रेशमाच्या साड्या आल्या, आणि सहलीचे सामान एकाएकी हलके झाले. रात्री धर्मशाळेच्या न्हाणीत धुवावे, पंख्याखाली दोरीवर टाकावे, पहाटे इस्त्रीवाचून नेसावे. यामागे साधे शास्त्र आहे. सुती धागा हवेतील ओल मोठ्या प्रमाणात, म्हणजे आपल्या वजनाच्या सुमारे साडेआठ टक्के, धरून ठेवतो. ती ओल आणि घामाचा दमटपणा धाग्यातील रेणूंचे बंध सैल करतात, आणि घडी पडलेल्या जागीच ते पुन्हा जुळतात, म्हणून चुरगळा. पॉलिएस्टर जेमतेम अर्धा टक्का ओल घेते, म्हणून ते चुरगळत नाही आणि पटकन वाळते. आणि नेमके त्याच कारणाने ते घामही शोषत नाही. लोकर सुमारे सोळा टक्के ओल घेऊनही अंगची लवचिकता सोडत नाही, हे थंड मुलखात गेलेल्या बायकांना उशिरा कळले. पन्नाशीच्या आसपास, रजोनिवृत्तीच्या काळात, एकाएकी अंगातून वाफ निघाल्यासारखी होते, घामाने पाठ भिजते आणि पाच मिनिटांनी हुडहुडी भरते. या बाईला टेरिलीनचे पातळ नकोसे होते आणि सुती साडी प्रवासात टिकत नाही. तिला हवे असते ते एकावर एक घालता आणि काढता येईल असे वस्त्र. साडीत ही सोय नाही. तिचा एकच थर असतो, आणि तो चारचौघांत काढता येत नाही.

गेल्या शतकाच्या अखेरच्या दोन दशकांत सहल कंपन्यांच्या बसगाड्या आणि विमाने मराठी मध्यमवर्गाला काश्मीर, सिंगापूर, युरोप दाखवू लागली, तेव्हा या पेचातून वाट निघाली ती 'पंजाबी ड्रेस' या नावाने. आपल्याकडे सलवार-कमीज कुणी क्वचितच म्हटले. ज्या बाईने लग्नानंतर तीस वर्षे साडीखेरीज काही ल्यालेले नव्हते, तिला मुलीने किंवा सुनेने दुकानात नेले. "आई, तुम्ही बर्फात साडी नेसून कशा चालणार?" या सुनेच्या प्रश्नात काळजी होती आणि परवानगीही होती. परवानगी सुनेकडून सासूला मिळत होती, ही त्या काळाची गंमत. कित्येकींनी तो ड्रेस सहलीपुरताच शिवला. गाडी आपले गाव सोडून पुढे गेली की डब्याच्या टोकाला जाऊन तो घातला, आणि परतीच्या वाटेवर आपले स्टेशन येण्याआधी पुन्हा साडी नेसली. गावात कुणाला कळू नये म्हणून फोटोंतले तेवढे फोटो निवडून मागे ठेवले. पण पाय एकदा मोकळे झाल्याची आठवण फोटोंसारखी मागे ठेवता येत नाही. दुसऱ्या सहलीला दोन ड्रेस शिवले गेले; तिसऱ्या सहलीनंतर एक ड्रेस भाजीला जातानाही घातला गेला.

दूरच्या देशांतही हाच शोध निराळ्या वाटेने चालला होता. व्हेनिसमध्ये राहणाऱ्या मारियानो फॉर्च्युनी या कलावंताने विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात बारीक चुण्यांच्या रेशमाचा 'डेल्फॉस' नावाचा झगा सिद्ध केला. तो घडी घालून ठेवायचा नसे. सुताच्या लडीसारखा पिळून एका लहान गोल डबीत ठेवायचा, आणि बाहेर काढला की चुण्या जशाच्या तशा. जपानच्या इस्सी मियाके यांनी १९९३ मध्ये 'प्लीट्स प्लीज' या नावाने पॉलिएस्टरचे, आधी शिवून मग उष्णतेने चुण्या पाडलेले कपडे बाजारात आणले. ते गुंडाळून पिशवीत कोंबता येतात, रात्री धुता येतात, आणि शरीर कुठे सुटले, कुठे वाकले याचा त्यांत बाऊ होत नाही. वाढत्या वयाच्या, पुष्कळ हिंडणाऱ्या स्त्रियांनी ते जगभर आपलेसे केले, ते उगाच नव्हे. तिथेही शेवटी एक लांब-रुंद कापड आणि त्याच्या चुण्या एवढेच आहे. निऱ्यांची ही थोरवी नऊवारी नेसणाऱ्या बाईला नव्याने सांगावी लागली नसती.

सप्टेंबर २०२१ पासून मुंबईच्या बंदरातून देशी प्रवाशांसाठी मोठ्या सहल-जहाजाच्या फेऱ्या सुरू झाल्या. गोवा, दीव, कोची, लक्षद्वीप. ज्या पाण्यावरून आजी सतरंजीवर निजून गेली, त्याच पाण्यावरून नात साठीत पदार्पण करून वातानुकूलित खोलीत बसून जाऊ लागली. जहाजावरच्या तिच्या गरजा तिलाच ठाऊक. डेकवरचा वारा पदर उडवतो, म्हणून घट्ट काही हवे. आतल्या दालनात गारठा, म्हणून शाल हवी. गुडघे दुखतात, म्हणून रबरी तळाचे बूट हवेत, आणि ते ज्याखाली विद्रूप दिसणार नाहीत असे वस्त्र हवे. लांबच्या विमानप्रवासात पायांवर सूज येते, म्हणून कमरेला नाडी नको. औषधांसाठी आणि चश्म्यासाठी दोन खरेखुरे खिसे हवेत. चोरखिसा असेल तर उत्तमच. आणि या सगळ्यांनंतर, संध्याकाळच्या जेवणाला जाताना, आरशात पाहून बरे वाटेल असे काहीतरी हवे. दुकानात गेली की पहिल्या सगळ्या गोष्टी विक्रेत्याला सांगता येतात. शेवटची सांगायला तिची जीभ अजून अडखळते. विक्रेता तिच्यापुढे बदामी, राखाडी आणि मळकट गुलाबी रंगांचे ढीग टाकतो. वयाला शोभेल असे.

हा संकोच सर्वांत अधिक आहे तो नवरा गेलेल्या बाईच्या मनात. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र काढून घेणे या प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींना तो कित्ता गिरवण्याचे आवाहन केले. एकविसाव्या शतकाची दोन दशके उलटल्यावर असा ठराव करावा लागला, यातच सारे आले. केवळ स्त्रियांसाठी निघणाऱ्या सहलींत अशा बायका पुष्कळ असतात. तिथे कुणी तिला तिच्या नवऱ्याच्या नावाने ओळखत नाही. पहिल्या दिवशी ती फिकट कुर्ता घालते. तिसऱ्या दिवशी खोलीतली सोबतीण आपली निळी ओढणी तिच्या खांद्यावर टाकून म्हणते, "घ्या हो, तुम्हांला छान दिसतेय." चौथ्या दिवशी ती कपाळावर बारीकशी टिकली लावते. या प्रवासाचे अंतर किलोमीटरमध्ये मोजता येण्यासारखे नाही. घरी परतल्यावर टिकली राहते की उतरते, हे मात्र सहल कंपनीच्या हाती नसते. ते घराच्या हाती असते.

इकडे नऊवारीही परतली आहे. गुढीपाडव्याच्या शोभायात्रांत गिरगावात, ठाण्यात, डोंबिवलीत तरुण मुली शिवलेली नऊवारी, नाकात नथ आणि डोळ्यांवर काळा चश्मा अशा थाटात मोटारसायकली चालवताना दिसतात. कासोटा आता शिंप्याने टाके घालून पक्का केलेला असतो. पायजम्यासारखी चढवली की झाले. म्हातारी म्हणून जे वस्त्र हिणवले गेले ते तरुणीच्या अंगी मिरवू लागले, आणि त्या तरुणीची आजी कुर्ता आणि बूट घालून पदपथावर उभी राहून हे बघते आहे. दोघींपैकी कुणाचे वस्त्र वयाला शोभणारे, हे सांगण्याचा अधिकार आता कुणाकडे उरलेला नाही, आणि हे चांगलेच झाले.

आजीला त्या मिरवणुकीत एक गोष्ट मात्र खटकत असेल. शिवलेल्या नऊवारीला कनवट नसते आणि ओचाही नसतो. लांबचा रस्ता चाललेल्या बाईचे लक्ष प्रथम तिकडेच जाते.